मिठाची तहान

सोलापुरात उन्हाळा आला हे मला कॅलेंडर सांगत नाही, तांब्या सांगतो. रात्री उशाशी भरून ठेवलेलं पाणी पहाटे तोंडाला लावावं आणि ते कोमट लागावं, की समजायचं, आला. पुढचे महिने मग कुणाशी धड बोलावंसं वाटत नाही. पत्रा तापतो, भिंत तापते, उशी तापते. नळाला पाणी आलं की गल्ली आधी भांडते आणि मग भरते. गच्चीवर झोपायला जावं, तर गच्चीही दिवसभराचा राग धरून बसलेली असते. लोक म्हणतात, सोलापूरच्या माणसाला उन्हाची सवय असते. दुसरीकडे जायला जागा नसली की त्याला सवय म्हणतात.

उन्हाळ्यातली तहान दोन प्रकारची असते. एक पाण्यानं भागते. मी लिहिते आहे ती दुसरी.

यंदा वैशाखात माझी नात प्रियांका पुण्याहून आली. तिनं तिच्या ऑफिसातला निखिल म्हणून एक मुलगा पसंत केला आहे, माणसं लातूरकडची. बोलणी झाली होती, लग्नाची तारीख धरायची राहिली होती. ती म्हणाली, "आज्जी, रविवारी दुपारी बाहेर जेवायचंय. निखिलचे आईबाबा येणारेत. त्यानंच हॉटेल ठरवलंय, सात रस्त्याजवळ नवीन झालंय ते. तुला आवडेल. सगळं गाड्यावरचंच खाणं असतं. भजी, वडापाव, पाणीपुरी."

"मग हॉटेल कशाला पायजे? गाड्यावरच जाऊ की."

"तिथं एसी आहे गं. आणि..." ती अडखळली. "आणि कॉकटेलपण मिळतं. पण ज्याला हवं त्यानं घ्यायचं."

माझी सून सुनंदा चपात्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. बाहेर माझा मुलगा दत्ता शाळेची व्हॅन धूत होता, बादलीचा आवाज तेवढा येत राहिला.

दत्ताचं सांगितलं पाहिजे. तो दारू प्यायचा. थोडी नाही. व्हॅनवरून त्याला काढलं होतं, घरात भांडी आपटायची, गल्लीला रोज तमाशा होता. शेवटी बार्शीकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात तो राहून आला आणि तेव्हापासून थेंब घेतलेला नाही. व्हॅन परत मिळाली. पण हे निखिलच्या घरी सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं होतं, "सांगून टाका. मागनं कळलेलं जास्त टोचतं." सुनंदा म्हणाली, "आत्या, लग्न होऊन जाऊ द्या. मग सांगू." प्रियांका रडली. रडणाऱ्या माणसापुढं मी वाद घालत नाही, उपयोग नसतो.

तर असं आम्ही गेलो. दत्ताच्याच व्हॅनमधून.

हॉटेलात शिरल्या शिरल्या मला दिसली ती हातगाडी. खरी, लाकडाची, चार चाकांची. तिला निळा-पिवळा रंग दिलेला आणि चाकं फरशीला बोल्टनं आवळलेली. वर स्टोव्ह नाही, कढई नाही, फुलं ठेवलेली. निखिल कौतुकानं म्हणाला, "आज्जी, ही जुनी ओरिजिनल आहे." मी म्हटलं, "असंल. चाकाला तेल न्हाय लागलेलं कदी." तो हसला. मुलगा बरा आहे, हसतो तरी.

मी हातगाडीवर भजी तळली आहेत, म्हणून सांगते. एकच उन्हाळा तळली. पण तो उन्हाळा असा होता की त्याच्यानंतरचे सगळे उन्हाळे मला त्याचेच वाटतात.

दत्ता तेव्हा लहान होता. त्याचे वडील चादरीच्या मागावर कामाला. त्या वर्षी वीज सारखी जायची, माग बंद पडायचे, कामगार कारखान्याच्या दारात विड्या ओढत बसायचे. माग खडखडत असतो तोवर माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. बंद पडला की येतो, आणि तो फार जणांना सोसत नाही. मग पाय वळतात. आमच्या वस्तीच्या टोकाला शिंदीखाना होता. झाडाची ताडी कमी आणि पावडर कालवलेलं पाणी जास्त, असं सगळेच म्हणत, आणि तरी तिथंच जात.

घरात पीठ हवं होतं. मी शिंदीखान्यासमोर भजी-शेंगांचा गाडा लावला. माहेरी करकंबला कळलं तेव्हा भाऊ म्हणाला, "जागा काय दुसरी घावली न्हाय व्हय?" मी म्हटलं, "देवळासमोर भजी खपत न्हाईत." त्यानंतर तो बरेच दिवस आला नाही.

शेजारी नरसव्वाचा गाडा. ती विणकर घरातली तेलगू बाई, माझ्याहून थोरली, उकडलेले चणे आणि तळलेली मासळी विकायची. संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की स्वतः एक ग्लास शिंदी मागवायची, गाड्याच्या चाकाला टेकून सावकाश प्यायची आणि ग्लास परत पाठवायची. एकच. तिच्या घरी त्यात कुणाला वावगं वाटत नसे. आमच्या बायका तिला नावं ठेवत. मी सुरुवातीला ठेवली, मग सोडून दिली, कारण तिचा तोल कधी गेलेला मी पाहिला नाही आणि नावं ठेवणाऱ्यांचे नवरे रोज गटारीतून उचलावे लागत.

हॉटेलात प्रियांकानं हिरव्या रंगाचं काहीतरी मागवलं, वर पुदिन्याचं पान. एक डोळा माझ्याकडं ठेवून ती प्याली. मला नरसव्वा आठवली. बाईनं प्यावं का न प्यावं यात माझा जीव कधी अडकला नाही. कुणाला एकावर थांबता येतं आणि कुणाला येत नाही, एवढंच मी आयुष्यभर बघत आले.

भजी आली. चार भजी, वर्तमानपत्रासारखा दिसणारा कागद लावून. मी सवयीनं कागद वाचायला घेतला, तर एकच बातमी पुन्हा पुन्हा छापलेली. शेंगाचटणी पितळी वाटीत, चमचाभर. पाणीपुरीच्या पाण्याच्या काचेच्या नळ्या, त्यातल्या एकीत म्हणे दारू होती. मी भजं तोंडात घातलं आणि चावता चावता थांबले.

मीठ चढं होतं. चुकून पडलेलं नव्हे. बेतानं चढवलेलं.

हे माझ्या जिभेला पक्कं ठाऊक आहे. गाडा लावून थोडे दिवस झाले होते, तेव्हा शिंदीखान्याचा मालक बाहेर आला, एक भजं खाल्लं आणि म्हणाला, "बाई, हात चांगला हाय तुमचा. पण मीठ चढवा जरा. तहान लागली पायजे की माणसाला." नरसव्वा हसली. तिच्या चण्याला आधीपासूनच चढं मीठ होतं. "अक्का, हितं पोट भरायला कोन येतंय वो," ती म्हणाली. मीही चढवलं. धंद्याचीच ती चव होती. खारट खायचं, घसा कोरडा पडायचा, आत जाऊन ग्लास मागायचा, बाहेर येऊन परत भजी. माणूस दोन दारांमध्ये झोपाळ्यासारखा हलत राहायचा.

इथंही तेच होतं, फक्त दार एकच होतं.

मी मान वर केली. दत्तानं पाण्याचा ग्लास संपवला होता, दुसरा भरत होता. समोर निखिलचे वडील. बँकेतून रिटायर झालेले, गोरेपान, बोलके. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणेन. त्यांनी पेय मागवलं होतं. कैरीचं, पिवळट, आत काय असायचं ते. दोन ग्लास आले. एक त्यांच्यापुढं, एक दत्तापुढं. ग्लासाच्या कडेला गोल मीठ लावलेलं, मिठात तिखट. मी बघतच राहिले. आम्ही मीठ भज्यात घालत होतो, यांनी सरळ ग्लासालाच लावलं होतं. मधला सगळा खटाटोपच काढून टाकला होता.

"घ्या, दत्तात्रयराव," व्याही म्हणाले.

"न्हाय वो, मी घेत न्हाय."

"घेत न्हाई का घरात घेऊ देत न्हाईत?" ते हसले, निखिल हसला. सुनंदा पण हसली, तिचं हसणं मला बघवेना. "अहो, मी तरी रोज कुठं घेतो. पण आज सोयरीक पक्की होतीय. आजच्या दिवशी व्याह्याला न्हाई म्हणायचं नसतं."

"गाडी चालवायची हाय."

"निखिल चालवंल की. एक ग्लास हो, कैरीचं पन्हंच समजा."

हे आपल्याकडं फार वाईट आहे. मुलीचा बाप त्या दिवशी नाही म्हणायला बसलेलाच नसतो. हुंडा देत-घेत नाही म्हणून सगळे मिरवतात, पण व्याह्याचा मान तसाच आहे. त्यानं पान पुढं केलं तर पान खायचं, ग्लास पुढं केला तर ग्लास. खरं कारण सांगावं, तर ते लपवलेलं. प्रियांकाचा चेहरा पांढरा पडला होता. तिचं लग्न एकीकडं आणि बाप एकीकडं, मध्ये तो ग्लास.

दत्ताचा हात टेबलावर होता. त्यानं ग्लास बाजूला सरकवायला म्हणून धरला. अंगठ्याला कडेचं मीठ लागलं. आणि त्यानं तो अंगठा तोंडात घातला.

कुणाच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं.

त्या उन्हाळ्यात वस्तीतल्या बायका तिन्हीसांजेला माझ्या गाड्याशी यायच्या. येताना काही निमित्त असायचं, पोराला शोधायचं, काडेपेटी मागायची. पदराखालून कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा काढून माझ्या हातात द्यायच्या आणि हळूच सांगायच्या, "आमच्यांना शेंगाबरोबर दे." हे नरसव्वानं सुरू केलेलं. तिचं म्हणणं, जिभेवर गूळ असला की शिंदी आंबट लागते, घशाखाली उतरत नाही. "दारूला शिव्या देऊन काय व्हतंय वो, तोंडात गोड घाल आदी." माझ्या गाड्याखाली एक डबा असायचा, त्यात सगळ्यांचे गूळ. कुणाचा काळा, कुणाचा पिवळा. मी खड्यावरून नवरा ओळखायची. माणूस आला की आधी शेंगा-गुळाची बशी पुढं करायची, मग भजी. भुकेला माणूस समोर आलेलं खातो. खाल्लं की काही जण आत जाऊन अर्धाच ग्लास पिऊन बाहेर यायचे, तोंड वाकडं करत. काही जण दारातूनच परत जायचे. मालकाला कळत नव्हतं, आज गिऱ्हाईक का बसत नाही.

म्हणजे एका हातानं मी मीठ देत होते आणि दुसऱ्या हातानं गूळ. मला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. जगायला दोन्ही हात लागतात.

दत्ताच्या वडिलांनाही मी गूळ द्यायची. सगळ्यात मोठा खडा. लोक चेष्टा करायचे, "बायको भाईर तळतीया, नवरा आत पितोय, पैसा घरातल्या घरात." ते बशी घ्यायचे, माझ्यासमोर उभे राहून गूळ चघळायचे, आणि घरच्या दिशेनं निघायचे. मला वाटायचं, लागू पडलं. बरेच दिवस मला असं वाटत होतं. मग एका संध्याकाळी नरसव्वा म्हणाली, "अक्का, मागं जाऊन बग एकदा." शिंदीखान्याच्या मागं पाण्याचा रांजण होता. दत्ताचे वडील तिथं उभे होते. डब्यानं पाणी घेऊन खळखळून चूळ भरत होते. एकदा, परत, परत. जिभेवरून बोट फिरवून ती साफ करत होते. अगदी मन लावून, सणाच्या दिवशी देवाची भांडी घासावीत तसं. मग धोतराला तोंड पुसून मागच्या दारानं आत गेले.

मी हाक मारली नाही. काय मारायची.

थोड्या दिवसांत बाकीच्यांनीही ते शिकून घेतलं. रांजणाशी रांग लागायला लागली. बायका गूळ आणून द्यायच्या थांबल्या. दत्ताच्या वडिलांचं पोट फुगलं, डोळे हळदीसारखे झाले आणि मृग लागायच्या आत ते गेले. मी गाडा विकला. नरसव्वा पुढं पुष्कळ वर्षं तिथंच होती.

हे सगळं आठवायला मी लिहिलं तेवढा वेळ लागला नाही. अंगठा तोंडातून निघाला तोवर सगळं येऊन गेलं होतं. मी वाढणाऱ्या मुलीला हाक मारली. "पोरी, गोड काय हाय तुमच्यात?"

"जिलबी-रबडी आहे, आजी. पण डेझर्ट शेवटी..."

"आत्ता आण. एक बशी. ह्यांच्यापुढं ठेव."

मग मी व्याह्यांकडं वळले. "पाव्हणं, राग धरू नका. आमच्यात एक रीत हाय. पोरीची तारीख धरायच्या दिवशी बापानं पयलं गोड खायचं, आन त्याच्यावर दिवसभर पाण्याबिगर काय प्यायचं न्हाय. च्यासुदिक न्हाय. न्हायतर पोरीला सासर गोड लागत न्हाय म्हणत्यात."

अशी रीत कुठंच नाही. मी ती तिथं बसल्या जागी केली. पण सत्तरी उलटलेल्या बाईनं रीत सांगितली की शिकलेली माणसंसुद्धा तपासायला जात नाहीत. निखिलच्या आई लगेच म्हणाल्या, "अगंबाई, मग नको हो. उगीच कशाला रीत मोडायची," आणि ग्लास स्वतःच्या हातानं उचलून नवऱ्यापुढं ठेवला. व्याही ओशाळले. "आधी सांगायचं की, आजी. मी कशाला आग्रह केला असता." मग दोन्ही ग्लास त्यांनीच संपवले.

प्रियांका माझ्या कानाशी म्हणाली, "ही रीत मी कधी ऐकली नाही."

"तुझं लगीन कदी झालंय, ऐकायला?"

तिनं टेबलाखाली माझा हात धरला. मी सोडवून घेतला, हात घामेजला होता. खोटं बोलल्याचं मला काही वाटलं नाही. दारू नाकारायला आपल्यात खरं कारण पुरत नाही, रीत पुरते.

जिलबी आली. दत्तानं बशी ओढून घेतली आणि कुणाकडं न बघता खायला लागला. भरभर, लहान पोर औषध संपवतं तसा. पाक हनुवटीवर आला. खाऊन झाल्यावर तो हात धुवायला उठला आणि माझा जीव परत वर आला. बेसिन माझ्या बसल्या जागेवरून दिसत होतं. त्यानं हात धुतले. फक्त हात. आरशात थोडा वेळ पाहिलं आणि परत आला. पाक ओठाच्या कडेला तसाच चिकटलेला होता. सुनंदा त्याला रुमाल द्यायला लागली, मी तिला डोळ्यानं नको म्हटलं.

तारीख धरली गेली. आषाढ लागायच्या आतली. सगळे एकमेकांच्या पाया पडले. व्याही निघताना माझ्याही पाया पडले, थोडे हेलकावत.

परतताना मी व्हॅनमध्ये पुढं बसले, दत्ताच्या शेजारी. मागं सुनंदा डोळे मिटून पडली होती. प्रियांका निखिलबरोबर थांबली. दुपारचं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. व्हॅनमध्ये पोरांच्या डब्यांचा वास होता, लोणचं आणि शिळी चपाती.

सात रस्ता मागं पडला तसा दत्ता म्हणाला, "रीत कुटनं आणलीस?"

"नरसव्वाकडनं."

तो हसला. "शेंगा-गूळ. आटवतंय मला. तुझ्या गाड्याखालच्या डब्यातला गूळ मी चोरून खायचो."

"म्हाईत हाय."

"बायका उगं म्हणायच्या, गूळ लागू पडत न्हाय. निम्मा तर मीच खाल्लाय."

मीही हसले असेन. पुढं सिग्नल लागला. उन्हात व्हॅन उभी राहिली, समोरचं डांबर पातळ होऊन चकाकत होतं. डाव्या हाताला दुकान होतं, जाळीच्या आत बाटल्या लावलेलं. दत्तानं तिकडं पाहिलं नाही. त्यानं सीटखालची पाण्याची बाटली काढली, टोपण उघडलं, तोंडभर पाणी घेतलं. खळखळून चूळ भरली आणि खिडकीतून बाहेर टाकली. मग आणखी एक.

"लई गोड हुतं," तो म्हणाला.

डांबरावर पडलेलं पाणी बघता बघता वाळलं. जिलबी खाल्ल्यावर तोंड चिकट होतं, माणूस चूळ भरतो. त्यात काही नाही. रांजणाचं दत्ताला कुणी सांगितलेलं नाही, तेव्हा तो गाड्याखाली झोपलेला असायचा. सिग्नल सुटला. त्यानं बाटली जागेवर ठेवली आणि गिअर टाकला. घर येईपर्यंत मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. ओठाची कड आता स्वच्छ झाली होती. मृगाला अजून वेळ होता.